बेळगावकडचे रोजचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात माणसं एकमेकांना जे विचारतात त्याचं उत्तर पुण्याच्या पुस्तकात नीट बसत नाही आणि बेंगळुरूच्याही नाही. पाऊस आमचा निम्मा कोकणाचा, निम्मा दुष्काळी. उतारा कन्नडमध्ये, भाऊबंदकी मराठीत. शिवजयंती बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिवशी. म्हणून ही उत्तरं इथल्या शिवारातून आणि गल्लीतून बघून लिहिली आहेत. काही प्रश्नांना पानभर उत्तर लागलं, काहींना दोन ओळी पुरल्या.

खानापूरकडे धो धो पाऊस आणि अथणीकडे टँकर. एकाच जिल्ह्यात असं कसं?

अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि पाणी तिथंच सोडतात. कणकुंबी, आमगाव, जांबोटी ही गावं नेमकी त्या माथ्यावर. कणकुंबीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बेळगाव शहरात त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि अथणीपर्यंत जाईतो 500-600 मिलिमीटर उरतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते, आणि तापलेल्या हवेत बाष्प सहज मावतं, त्याचे थेंब होत नाहीत. शाळेत शिकलेला पर्जन्यछायेचा प्रदेश तो हाच, फक्त आपण तो बसच्या खिडकीतून बघतो. जांबोटीत छत्री उलटी होते आणि त्याच दिवशी सौंदत्तीत धूळ उडत असते. अथणी तालुक्यात कृष्णाकाठाला हिरवागार ऊस दिसतो, पण ते पाणी वरून, महाबळेश्वराच्या बाजूनं आलेलं. अथणीच्या ढगांचा त्यात फार वाटा नाही.

याच माथ्यावर आणखी एक गंमत आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिथून जवळच, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचं पाणी भारताच्या दोन्ही किनाऱ्यांना जातं. म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं भांडण याच भूगोलातून निघालं. लवादाचा निवाडा 2018 मध्ये आला, तरी वाद मिटलेला नाही.

मे महिन्यात दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो ना? मग सावली का पडते?

कारण बेळगावात बारा वाजता खरी दुपार झालेलीच नसते. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, म्हणजे प्रयागराजच्या बाजूला. बेळगाव 74.5 अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, तेव्हा 8 अंशांचे 32 मिनिटं आपण मागं. त्यात महिन्यागणिक थोडा फरक पडतो. मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावर येतो साधारण 12 वाजून 29 मिनिटांनी.

आणि अगदी डोक्यावर तो वर्षातून दोनच दिवस येतो. बेळगाव 15.85 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळं 4 मेच्या आसपास एकदा आणि 8-9 ऑगस्टच्या सुमारास पुन्हा. निपाणीत मेमधला दिवस दोनेक दिवसांनी येतो, अथणीत तीनेक. ऑगस्टमधला दिवस पावसात जातो, त्याची आशा धरू नका. मेमध्ये गच्चीवर सपाट जागी तांब्या किंवा पाण्याची बाटली उभी ठेवा आणि सव्वाबारापासून मुलांना बघायला बसवा. साडेबाराच्या आसपास सावली तांब्याच्या बुडाखाली शिरते. दुर्बीण नको, तिकीट नको.

तुरीची डाळ शिजतच नाही. बेळगाव उंचावर आहे म्हणून का?

उंचीचा दोष थोडाच. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर पाणी 97.5 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे फक्त अडीच अंश कमी. एखादी शिट्टी जास्त लागेल एवढंच. खरा दोष बहुधा पाण्याचा. सौंदत्ती, रामदुर्ग, अथणीकडच्या बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम भरपूर. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, मग डाळ कितीही शिजवा, दाणा उभाच. खानापूरच्या जांभ्या दगडाच्या भागातलं विहिरीचं पाणी हलकं, तिथं तीच डाळ लोण्यासारखी होते.

परीक्षा सोपी आहे: एकदा पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात डाळ लावून बघा. तरीही शिजली नाही तर डाळ जुनी आहे. चिंच, टोमॅटो आधी घालू नका, आंबटानं दाणा आखडतो. चिमूटभर सोडा घातला तर डाळ लगेच मऊ पडते, पण त्यात ब जीवनसत्त्वातला थायमिन हा भाग नासतो, तेव्हा रोज नको.

खानापूरचा माठ पावसाळ्यात पाणी गार का करत नाही?

माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. जुलैत हवाच पाण्यानं भरलेली, मग उडणार कुठं? माठात काही बिघाड नसतो. उन्हाळ्यातही गार होईना तर छिद्रं क्षारानं बुजलीत असं समजा. नारळाच्या काथ्यानं बाहेरून घासा, साबण लावू नका, आणि हौसेनं ऑइलपेंटची नक्षी तर मुळीच काढू नका.

करदंटासाठी (डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईसाठी) डिंक तळते, पण मधे कडक गोटी राहते. गोकाकवाल्यांचा कसा फुलतो?

डिंकाच्या खड्यात थोडं पाणी अडकलेलं असतं. गरम तुपात त्याची वाफ होते आणि ती मऊ पडलेल्या डिंकाला फुगवून बाहेर पडते. खडा मोठा असेल तर बाहेरचा थर फुलून कडक होतो आणि आतल्या पाण्यापर्यंत उष्णता पोचायच्या आत तुम्ही तो काढता. दात दुखतो तो त्या गाभ्यानं. म्हणून डिंक आधी फोडून हरभऱ्याच्या दाण्याएवढा करा, उन्हात नुसता तासभर ठेवा (फार वाळवला तर वाफ व्हायला पाणीच उरत नाही), तूप मध्यम तापलेलं ठेवा आणि मूठभरच टाका. एकदम वाडगाभर ओतला की तूप थंड पडतं आणि सगळा घाणा वाया.

कुंद्याचा, म्हणजे आपल्या आटीव दुधाच्या मिठाईचा, रंग कसा येतो हेही पुष्कळजण विचारतात. काहींना वाटतं चॉकलेट घालतात. तसं काही नाही. दूध आटत असताना त्यातली साखर आणि प्रथिनं उष्णतेनं एकत्र येतात आणि तपकिरी रंग, खरपूस वास तयार होतो. या क्रियेचा अभ्यास फ्रान्सच्या मायार नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1912 मध्ये मांडला. भाकरीवरचे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वासही त्यातलाच. वरून घातलेल्या साखरेचं करपणं त्यात मिसळतं. दह्यानं दूध किंचित फाटतं आणि दाणा पडतो. बाकी राहतो तो हात न थांबवता ढवळण्याचा कंटाळा, ज्याला घरी कुणी तयार नसतं, म्हणून आपण कॅम्पातून किंवा शहापुरातून विकत आणतो.

येळ्ळूरचा बासमती वर्षभरात वास का सोडतो?

सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः एकाच रेणूमुळं येतो, 2-ॲसिटिल-1-पायरोलिन. अन्नपूर्णेच्या पानात तोच असतो. ज्यांच्या परसात ते झुडूप आहे त्यांना साध्या तांदळात पान घालून पाहुण्यांना फसवता येतं. हा रेणू उडून जाणारा. तांदूळ सडून, पॉलिश करून ठेवला की लवकर जातो, भात तसंच तुसासकट ठेवलं तर टिकतो. म्हणून जुन्या घरांत भाताचीच कणगी भरून ठेवत आणि लागेल तसं गिरणीला नेत. वडगाव, शहापूर, येळ्ळूर शिवारातला आपला बासमती आणि उत्तरेतला बासमती हे दोन वेगळे तांदूळ आहेत. भौगोलिक मानांकनाचा बासमती पंजाब, हरियाणा, उत्तराखंड अशा ठरावीक भागातलाच. दाणा आपला आखूड, पण वासाला तोड नाही, हे माझं मत पक्षपाती समजून सोडून द्या.

पुण्यातली नणंद विचारते, तुमच्याकडं शिवजयंती एप्रिल-मेमध्ये कशी? काय सांगू?

तीन तारखांचा घोळ आहे, आणि तिन्हीला कारण आहे. पूर्वी शिवरायांचा जन्म शके 1549 वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे 6 एप्रिल 1627 असा मानला जायचा. बेळगावची पारंपरिक शिवजयंती त्या तिथीला धरून चालत आली. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी जयंती आणि मग चित्ररथांची मिरवणूक, जी रात्री सुरू होते आणि गल्ल्यांची मंडळं आपापला देखावा घेऊन पहाटेपर्यंत चालवतात.

पुढं जेधे शकावली (जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदी) उजेडात आली. लोकमान्य टिळकांनी ती 1916 मध्ये प्रसिद्ध केली. तीत शके 1551 फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी. अभ्यासकांनी ती मान्य केली आणि महाराष्ट्र शासनानं त्यावरून 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख धरली.

आता नणंदबाईंना न सुचलेला प्रश्न: फाल्गुन वद्य तृतीया तर बहुतेक वर्षी मार्चमध्ये येते, मग फेब्रुवारी कशी? 19 फेब्रुवारी ही जुन्या जुलियन कॅलेंडरची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन हिशेबानं तो दिवस 1 मार्च 1630 येतो. म्हणजे तारखेनं, फाल्गुनच्या तिथीनं आणि वैशाखाच्या परंपरेनं असे तीन दिवस झाले. इतिहासाच्या पुराव्यानं बोलायचं तर फाल्गुन वद्य तृतीया बरोबर. पण शंभर गल्ल्यांचा उत्सव कागदाच्या एका पानानं हलत नाही, आणि हलवायची गरजही मला दिसत नाही. जन्मदिवस कुठला हा प्रश्न वेगळा, गावाचा सण कधी हा वेगळा.

टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीत एवढं काय आहे?

डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचं 39वं अधिवेशन इथं भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते याच अधिवेशनात. हजारो माणसांना पाणी लागणार म्हणून ही विहीर खोदली. त्याआधी 1916 च्या एप्रिलमध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावातच केली होती. आणि 1946 मध्ये माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथं भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मुलांना विहीर दाखवायला नेलीत तर नुसतं कठड्यावरून वाकून बघू नका, एवढी गोष्टही सांगा.

सीमाप्रश्नाचं आता नक्की कुठं अडलंय?

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा भाग म्हैसूर राज्यात गेला. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरकडंच ठेवावं आणि दोन्ही बाजूंच्या काही गावांची अदलाबदल करावी, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. याहून पुढचं चहाच्या टपरीवर रोज ठरतं.

माझी थोडी जमीन चंदगड तालुक्यात, थोडी बेळगाव तालुक्यात. तिकडं आर, इकडं गुंठे. आर म्हणजेच गुंठा ना?

नाही. आणि याच गैरसमजातून सख्ख्या भावांत बोलाचाली बंद झालेल्या आपण बघतो.

गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर, 43,560 चौरस फूट. गुंठ्याचे 16 आणे, एक आणा साधारण 68 चौरस फूट. कर्नाटकाच्या उताऱ्यावर (कोणी पहाणी म्हणतं, कोणी आरटीसी) क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं लिहिलेलं असतं.

महाराष्ट्राच्या सात-बाऱ्यावर हेक्टर-आर. आर म्हणजे 10 मीटर गुणिले 10 मीटर, 100 चौरस मीटर, म्हणजे 1076 चौरस फूट. गुंठ्यापेक्षा 13 चौरस फूट कमी. एका आरला तो फरक कोण बघतो? पण 40 आर म्हणजे एक एकर असं धरून वाटणी केली की एका बाजूला सुमारे 504 चौरस फूट कमी येतात. तेवढ्यात दोन खोल्या उठतात. 1 हेक्टर म्हणजे 98.84 गुंठे, किंवा 2 एकर आणि जवळजवळ 19 गुंठे. अडीच एकर म्हणायची सवय सोडा.

दोन्हीकडची जमीन एकाच वाटणीत घालायची असेल तर आधी सगळं चौरस मीटरमध्ये आणा (गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर), मग भागा. कागदावर कन्नड आकडे असतील तर ते वाचता येणारा एक जण घरात तयार करा. एका दुपारचं काम आहे. दर वेळी एजंटाला पन्नास रुपये देण्यापेक्षा मुलीला शिकवा, ती बसच्या पाट्यांवरून शिकते.

लग्न होऊन वीस वर्षं झाली. माहेरच्या जमिनीत मला वाटा मिळतो का? दादा म्हणतो, तुझं लग्नात दिलं की.

अक्का, लग्नातला खर्च आणि जमिनीतला हक्क यांचा कायद्यात संबंध नाही. जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच मुलाइतकी भागीदार आहे. लग्न कधी झालं यानं फरक पडत नाही. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सांगितलं की तशी अट नाही.

मग अडतं कुठं? नोंदणी केलेल्या वाटणीपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकमानं 20 डिसेंबर 2004 च्या आधीच वाटणी झालेली असेल तर ती उकरता येत नाही. तोंडी वाटणी झाली होती, असं नुसतं म्हणून सहसा भागत नाही. कर्नाटकानं 1994 मध्येच मुलींना हक्क देणारा आपला कायदा आणला होता, पण तो त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, म्हणून जुने लोक अजून ‘लग्न झालेलीला नाही’ असं म्हणतात. ते मागं पडलं.

वडिलांनी स्वतः कमावलेल्या जमिनीचं गणित वेगळं. ती ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुली आणि आजी हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा.

एक सांगते, आणि हे कायद्याचं नाही. बऱ्याच बायका हक्क सोडतात, कारण गौरीला, दिवाळीला माहेरी जायची वाट बंद व्हायला नको असते. तो तुमचा निर्णय. पण ‘बँकेचं काम आहे, सही कर’ म्हणून पुढं केलेल्या कन्नड कागदावर सही करू नका. आधी कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की मागं फिरणं फार अवघड.

पोराला पुण्यात नोकरी लागली. केए 22 ची गाडी तिकडं चालेल का?

बारा महिन्यांपर्यंत चालते. त्याहून जास्त राहणार असेल तर बेळगावच्या आरटीओतून ना-हरकत घेऊन तिकडं पुन्हा नोंदणी करावी लागते. तिकडचा कर भरावा लागतो आणि इकडं भरलेल्यातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. मागता येतो म्हणजे लगेच मिळतो असं नाही. लष्करात, केंद्र किंवा राज्य सरकारी नोकरीत, किंवा चार अथवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खासगी कंपनीत असेल तर नवी गाडी 2021 पासून सुरू झालेल्या बीएच मालिकेत घेता येते. आमच्याकडं घराघरांत फौजी, त्यांच्या हे जास्त उपयोगाचं.

आयटीआय करून उद्यमबागेत फाउंड्रीत लागलोय. सगळे तोंडाला रुमाल बांधतात. पुरतो का?

पुरत नाही. साच्याच्या वाळूतली सिलिका जेव्हा बारीक होऊन उडते तेव्हा तिचे घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि रुमालाच्या विणीतून ते सरळ आत जातात. फुफ्फुसात रुतून बसतात, वर्षानुवर्षं जखम करत राहतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. धूळ थांबवली तर फार तर त्याचं वाढणं मंदावतं. एन-95 मास्क चेहऱ्याला घट्ट बसेल असा मागा, झाडू कोरडा मारू नका, पाणी मारून मग ओढा. फेटलिंग (ओतकामाची साफसफाई) आणि ग्राइंडिंगला धूळ ओढणारा पंखा चालू आहे ना, ते रोज बघा. दर वर्षी छातीचा एक्स-रे काढा. हा आजार कायद्यातल्या कामाच्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळं झाला तर डॉक्टरांनी कळवणं बंधनकारक आहे. शिफ्ट संपल्यावर कपडे कारखान्यातच बदला, नाहीतर तीच धूळ बाळाच्या पाळण्यापर्यंत जाते.

निपाणीकडं तंबाखूच्या रानात काम केलं की मळमळतं, डोकं गरगरतं. उन्हानं का?

ऊनही असेल, पण ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. दव किंवा पाऊस असताना जास्त. तंबाखू न खाणाऱ्या बाईला ते आधी लागतं, कारण तिच्या अंगाला त्याची सवय नसते. दव वाळल्यावर कामाला लागा, लांब बाह्या आणि रबरी हातमोजे घाला, भिजलेला कपडा अंगावर ठेवू नका, जेवायच्या आधी साबणानं हात धुवा. पोटुशीनं हे काम करू नये. मुलांना तर तिथं नेऊच नये.

मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. आपल्यात चालतं, पण डॉक्टर नको म्हणतात. खरं काय?

दोघंही आपापल्या जागी बरोबर. सख्ख्या बहीण-भावांच्या मुलांचं लग्न हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नात्यात येतं, पण रूढी असेल तर कायदा ते मान्य करतो. आपल्याकडं मामाची मुलगी करायची रूढी आहे, आणि कर्नाटकात काही समाजांत सख्खी भाची करण्याचीही आहे.

आता शरीराचं. प्रत्येकाच्या अंगात काही बिघडलेली जनुकं असतात, पण जोडीतलं दुसरं चांगलं असलं की ती गप्प राहतात. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच, त्यामुळं तेच बिघडलेलं जनुक दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात मोठा दोष असण्याची शक्यता साधारण 2 ते 3 टक्के. आते-मामेंच्या लग्नात ती 4 ते 6 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे दुप्पट, पण शंभरात चौऱ्याण्णव तरी बाळं ठीक. मामा-भाचीच्या लग्नात नातं आणखी जवळचं, धोकाही जास्त. आणि हे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात चालू असेल तर हा हिशेब पुरत नाही.

म्हणून आधी घराचा इतिहास विचारा, आणि तो आजीला विचारा, वडिलांना नको, वडील लपवतात. जन्मतः ऐकू न येणारं कुणी होतं का? लहानपणी गेलेली मुलं? वारंवार रक्त चढवावं लागणारं? असं काही असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्या. आणि मुलीला हे लग्न हवंय का, तेही विचारा. घरचंच आहे म्हणून तिला गृहीत धरलं जातं.

मुलगा-मुलगी दोघांचा रक्तगट एकच आहे. चालेल?

खुशाल. एकच गट असण्यानं काही होत नाही. बघायचं असतं ते मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह आहे का, एवढंच. असेल तरी लग्न मोडायचं कारण नाही. गरोदरपणात 28 व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं की झालं.

नातू घरी मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी. ‘आजी, बॉल बेकु’ (बॉल हवा) म्हणतो. उशिरा बोलेल का?

दोन-तीन भाषांत वाढल्यानं बोलणं मागं पडत नाही. अशा मुलांचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. मिसळून बोलणं हा गोंधळ नव्हे, हाताशी आहे तो शब्द तो उचलतो. अडीच वर्षांचा झाला आणि कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नाही, किंवा हाक मारल्यावर वळत नाही, तर मात्र कान तपासून घ्या, भाषेला दोष देऊ नका. आणि तुम्ही त्याच्याशी तुमचीच भाषा बोला, ‘काय करूलालास रे’ सकट. पुस्तकी मराठी तो पुढं शिकेलच.

अथणीच्या चपला पावसात भिजल्या आणि कडक झाल्या. आता?

कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ चपला अथणी, निपाणी, रायबाग, चिकोडी भागात होतात. 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यात बेळगाव आहे. हे कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. भिजलं आणि उन्हात वाळवलं की त्यातलं तेल जातं आणि ते तडकतं. सावलीत, कागदाचे बोळे न कोंबता, सपाट ठेवून वाळवा, मग एरंडेल किंवा खोबरेल बोटानं हलकं चोळा, रात्रभर राहू दे. पावसाळ्यात मुळात घालूच नका. करकर आवाज येतो तो कातड्याचे थर एकमेकांवर घासतात म्हणून. काहींना तो हवा असतो, काहींच्या बायकांना नको असतो.

दिवाळीच्या किल्ल्याला दर वर्षी भेगा पडतात आणि उतारावर हळीव उगवत नाही. काय चुकतं?

दोन्ही चुका मातीच्या कामातल्या. नुसती चिकट लाल माती वाळताना आकसते, म्हणून भेगा. त्यात भाताचं तूस किंवा चाळलेलं शेणखत मिसळा, धागा मिळतो आणि माती धरून राहते. आतला सांगाडा विटा-दगडांचा, त्यावर ओली गोणपाटं घट्ट गुंडाळायची, मग जाड थर, तो अर्धवट वाळला की वरून बारीक चाळलेल्या मातीचा पातळ हात. एका दमात सगळं लिंपून मोकळं व्हायची घाई करतात ती मुलं, आणि मग बुरूज घसरतो.

हळिवाच्या दाण्याला पाणी लागलं की भोवती बुळबुळीत चिकट थर धरतो. उभ्या कड्यावर तो टिकतो तो याच चिकटपणामुळं. मोहरी तिथून घरंगळून खाली जाते. म्हणून हळीव आधी भिजवून पेरू नका, त्याचा गोळा होतो. माती ओली करायची, दाणे कोरडेच चिमटीनं टाकायचे, हलकेच थोपटायचे, आणि पाणी तांब्यानं न ओतता स्प्रेनं मारायचं, दिवसातून दोनदा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात, आठवड्यात रान हिरवं होतं. रात्री थंडी लवकर पडली तर एक-दोन दिवस जास्त. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरणी झाली पाहिजे.

कुठला किल्ला करावा, तर दर गल्लीत रायगड आणि प्रतापगड असतातच. यंदा जवळचे करून बघा. येळ्ळूरचा राजहंसगड, संकेश्वरजवळचा वल्लभगड, चंदगड तालुक्यातले पारगड, कलानिधीगड, महिपाळगड, गंधर्वगड. एका रविवारी पोरांना घेऊन गडावर जा, दरवाजा कुठल्या दिशेला आहे, विहीर कुठं आहे, तटाला कुठं वळण आहे ते वहीत काढून आणा, मग मातीला हात घाला. बेळगावच्या भुईकोटाला खंदक आहे. तो करायचा असेल तर खंदकाच्या तळाशी प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर पाणी मुरून सगळी तटबंदी बसते.